मेलेल्यांच्या शनिवारचे पीठ

मी एक जुने, तडा गेलेले जाते आहे. मित्रांनो, माझ्या वरच्या दगडाभोवती दारूच्या पिंपाची लोखंडी पट्टी आवळलेली आहे, आणि ती नसती तर माझे दोन तुकडे झाले असते. येणारेजाणारे मला पाहून म्हणतात, "वा, किती जुनं आहे हो!" जणू जुने होणे हाच माझा पराक्रम. मी काय काय दळले, हे कोणी विचारत नाही. तेच आज सांगणार आहे. गोड लागणार नाही, आधीच सांगून ठेवते.

माझा दगड नीस्त्रू नदीच्या कड्यातला. हार्लाम्पीए नावाच्या पाथरवटाने मला घडवले. त्याचा हात हलका होता आणि जीभ त्याहून हलकी. माझ्यावर टाकी मारता मारता तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "जातं सासूसारखं असावं. कडक हवं, पण फार आवाज करणारं नको." मी मात्र घरघर करणारेच निघाले. माझा आवाज चार घरांपलीकडे ऐकू जाई, आणि चांगल्या दिवसांत त्याचे कोणाला काही वाटत नसे.

प्रोफिराच्या बापाने मला तिच्या आंदणात दिले. दोन गालिचे, एक रजई आणि मी, असा तिचा संसार बैलगाडीतून उल्मोआसा गावात आला. तिच्या नवऱ्याने, झाहारियाने, पुढच्या खोलीत मातीचा पक्का ओटा घालून मला त्यावर बसवले. तेव्हापासून मी त्या घराची झाले. मका दळायचा, त्या पिठाची घट्ट मामालिगा शिजायची, दोऱ्याने कापून मेंढीच्या चीजबरोबर ती गरम गरम खायची. झाहारियाचा जिवाभावाचा मित्र पांतेलेई नेमका त्याच वेळी दारात हजर होई.

"पांतेलेई, तू जेवायला बसलास की माझं जातं धापा टाकायला लागतं," झाहारिया म्हणे.

"जात्याला सांग, माझं लग्न होईपर्यंत कळ काढ म्हणावं."

झाहारियाला मुलगी झाली, कातिंका. बाप्तिस्म्याच्या वेळी पांतेलेईने तिला हातांवर घेतले आणि तो तिचा धर्मबाप झाला. आमच्याकडे हे नाते रक्ताच्या नात्यापेक्षा वरचढ मानतात. भावाशी भांडले तर चालते, मुलाच्या धर्मबापाशी वैर करायचे नसते. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढचे सगळे यातूनच घडले.

मग युद्ध आले. गावावरचे झेंडे बदलत राहिले आणि मी दळत राहिले. शेवटी जे सरकार आले, त्याने झाहारियाला आपल्या फौजेत नेले. तो परत आला नाही. शेजारच्या गावचा एक शिपाई, एक पाय तिकडेच ठेवून आलेला, प्रोफिराला एवढेच सांगून गेला की शेवटचे दोन दिवस झाहारिया फक्त भाकरीबद्दल बोलत होता. ऐकून प्रोफिरा रडली नाही. माझा खुंटा धरून मला रिकामेच फिरवत राहिली.

आमच्या लोकांची एक समजूत आहे. शरद ऋतूत एक शनिवार मेलेल्यांचा असतो. त्या दिवशी त्यांच्या नावाने वेटोळ्याचे छोटे पाव, त्यांना कोलाक म्हणतात, आपल्या हाताने दुसऱ्याला द्यायचे. घेणारा म्हणतो, "देव त्याला क्षमा करो," आणि तो घास तिकडे पोहोचतो. कोणी दिलेच नाही, तर तिकडचे माणूस वर्षभर उपाशी बसते. आणि झाहारिया तर इथूनच उपाशी गेला होता.

आता दुष्काळाकडे येते. त्या वर्षी मे महिन्यात तालुक्याहून एक अधिकारी आला. गहू तेव्हा हिरवागार होता. साहेब बांधावर उभा राहिला, काठीने पीक हलवून पाहिले आणि इतका गहू पिकणार असे लिहून गेला. तो गेला आणि पाऊसही जणू त्याच्याच गाडीत बसून गेला. मुलींनी रीतीप्रमाणे मातीची बाहुली केली, तिची प्रेतयात्रा काढली, आभाळाला रडू यावे म्हणून स्वतः रडल्या. कातिंका तर इतकी रडली, की शेजारची तुदोसियाकाकू तिला म्हणाली, "बास कर गं बाई. विहिरीत नाही तेवढं पाणी तुझ्या डोळ्यांतून गेलं." आभाळ काही हलले नाही.

शेतातला गहू वीतभर वाढून करपला. कागदावरचा मात्र छान पिकला, आणि सरकारने वसुली लावली ती कागदावरच्या गव्हाची. पांतेलेई तेव्हा गावच्या समितीचा प्रमुख झाला होता. त्याला वाचता येत होते आणि जमीन नव्हती, हे दोन गुण त्या काळात पुरत. तो तालुक्याला जाऊन आला आणि मान खाली घालून ओट्याच्या कडेला टेकला.

"मी त्यांना सांगितलं वहिनी, की पाऊस झाला नाही."

"मग?"

"म्हणाले, योजनेत पाऊस धरलेला आहे."

ऑगस्टमध्ये तोच साहेब माणसे घेऊन आला. आमच्याकडे धान्य घराच्या माळ्यावर पसरून ठेवतात. माणसे माळ्यावर चढली, पोती भरली, आणि फटींत अडकलेले दाणे राहिले म्हणून साहेबाने खराटे मागवले. घरोघरचे माळे झाडून घेतले. तुदोसियाकाकू अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "माझ्या सुनेला बोलवा रे कोणीतरी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं माळा कधी असा झाडला नाही." माणसे मिशीत हसली. साहेबाला आमची भाषा येत नव्हती, म्हणून तोही हसला. त्या दिवसापासून गावात त्याचे नाव खराटा पडले.

प्रोफिराने मात्र आधीच एक काम करून ठेवले होते. तिने आणि तुदोसियाकाकूने मला ओट्यावरून उतरवले, ओटा फोडून आत गव्हाचे एक मडके पुरले, वरून सारवले आणि मला पुन्हा जागेवर बसवले. मला हलवायला दोन माणसे लागतात, म्हणून माझ्याइतकी चांगली जागा नव्हती. खराट्याच्या माणसाने माझा खुंटा एकदा फिरवून पाहिला, रिकामे आहे म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. ते मडके म्हणजे प्रोफिरा आणि कातिंका यांचा हिवाळा होता. रोज मूठभर दळले आणि त्यात भोपळा, रानभाजी, मिळेल ते घातले, तर वसंतापर्यंत दोघी जगल्या असत्या.

उल्मोआसाने वसुली पुरी केली. तालुक्याहून पांतेलेईला लाल निशाण मिळाले. गावाला वाटले, सुटलो एकदाचे.

मग तो शनिवार आला. सरकारी गिरणीत चिठ्ठीशिवाय दळून मिळत नव्हते, आणि घरच्या जात्याचा आवाज रस्त्यावर गेला तर विचारपूस झाली असती. तुदोसियाकाकूने यावर उपाय काढला. तिने आपला गालिचा कुंपणावर टाकला आणि सोट्याने धोपटायला घेतला. ती धोपटायची, इकडे प्रोफिरा मला फिरवायची. काकूचा हात दमला की मीही थांबायचे. पण त्याआधी, मला हलवून मडक्यातले चार मुठी गहू काढताना, दोघींची चांगलीच जुंपली होती.

"जिवंत पोरीच्या तोंडातला घास काढून मेलेल्याला देतेस?" काकू म्हणाली.

"काढत नाहीये काकू. त्याचाही वाटा आहे त्यात. पेरणीचं बी त्यानंच राखून ठेवलं होतं."

"त्याला आता पोट नाही, प्रोफिरे."

"तुमच्या नवऱ्याला मागच्या वर्षी दिलेत ना? त्यांना होतं पोट?"

काकू म्हणाली, "लहान कर. अंगठीएवढे कर. देवाला दिसतील, खराट्याला दिसणार नाहीत."

पाव खरेच लहान झाले. पण भाजताना जो वास सुटला, तो काही लहान करता येईना. रस्त्याने जाणारी माणसे दारापाशी थबकत आणि मान फिरवून पुढे जात. कातिंकाला आईने आधी एक दिला, कारण तीही त्या बापाचीच होती. मग शेजारीपाजारी वाटून झाले आणि एक उरला.

"आई, धर्मबाबांना नाही द्यायचा?" कातिंकाने विचारले.

तुदोसियाकाकू ताडकन म्हणाली, "खुळी का काय! समितीच्या माणसाला? विस्तव पदरात बांधायचा धंदा."

"आजचा दिवस समितीचा नाही काकू, झाहारियाचा आहे. तो असता तर पहिला त्यांनाच दिला असता. मी नाही दिला, तर तिकडे त्याच्या घशाखाली घास उतरेल का?"

आणि ती स्वतः जाऊन देऊन आली. मित्रांनो, तुम्हाला ही चूक वाटेल. चूकच होती. पण ज्याच्याशी वैर करायचे नसते, त्याच्यावर संशय तरी कसा घ्यायचा, हे आमच्या लोकांना कोणी शिकवलेले नव्हते.

पुढचे समितीच्या पहारेकऱ्याने काकूला सांगितले, आणि काकूने माझ्या समोर बसून प्रोफिराला. पांतेलेईने एक लहानसा तुकडा मोडून खाल्ला, देव त्याला क्षमा करो म्हणाला, आणि उरलेला पाव म्हाताऱ्या आईसाठी रुमालात बांधून टेबलावर ठेवला. दुपारी खराटा आला. रुमालातून वास आला, त्याने गाठ सोडली आणि आपल्या भाषेत विचारले; पांतेलेईला ती कामापुरती येत होती.

"हे कुठून आलं?"

पांतेलेई खोटे बोलू शकला असता. स्टेशनवर विकत घेतला म्हणाला असता तरी भागले असते. पण मेलेल्याच्या भाकरीवर हात ठेवून खोटे बोलायचे नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले. बाकी सगळे तो विसरला, नेमके हेच लक्षात राहिले.

"मेलेल्याच्या नावाचा आहे, साहेब. आमच्याकडे रीत आहे. घरोघरी वाटतात."

"घरोघरी?" खराटा म्हणाला. "म्हणजे मेलेल्यांना वाटायला तुमच्या गावात गहू आहे, आणि राज्याला द्यायला नाही."

दुसऱ्या दिवशी उल्मोआसावर दुसरी वसुली लागली. ज्या गावाने पहिली वेळेवर भरली, तिथे अजून असणार, असा सरकारी हिशेब आधीच तयार होता. त्याला फक्त पुरावा हवा होता, आणि तो अंगठीएवढा पुरला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हा. आभाळाने जे मागे ठेवले होते, ते माणसांनी येऊन नेले.

या वेळी घरातले जाते दिसले की फोडायचे, असा हुकूम होता. जाते आहे म्हणजे दाणा आहे. दोन माणसांनी मला ओट्यावरून ओढले, तिसऱ्याने लोखंडी पहार ओट्यात घातली. मडके वाजले. पांतेलेई दारात उभा होता. प्रोफिरा त्याच्याकडे वळली.

"भावजी, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर पोरीला तुम्हीच धरलं होतंत ना? सांगा त्यांना, दोघींचा हिवाळा आहे हा."

"वहिनी, मी आडवा आलो तर मलाही नेतील आणि हेही नेतील."

"मग निदान एकदा आडवे या. नुसतं बघायला कशाला आलात?"

कातिंकाने मडक्याला मिठी मारली होती. एका माणसाने तिची बोटे सोडवली. हळूच सोडवली, वाईट माणूस नव्हता तो. मडके गेले. मला अंगणात लोटून घणाचा एक घाव घातला, वरचा दगड मधोमध उकलला, आणि ते घाईत असल्यामुळे दुसरा घाव घालायचे राहून गेले.

त्या हिवाळ्यात गावच्या पिंपे करणाऱ्याने मला ही पट्टी ठोकून दिली. मग मी काय दळले ते ऐका. मक्याची रिकामी कणसे दळली. एकोर्न म्हणतात ती ओकच्या झाडाची फळे दळली. दारू गाळून उरलेल्या द्राक्षांच्या बिया दळल्या. बियांच्या पिठाची भाकरी खाताना कातिंका म्हणाली, "आई, हे पीठ दातांत बोलतं." प्रोफिरा हसली, आणि मग बाहेर जाऊन उभी राहिली. नदीपलीकडे भाकरी मिळते अशी बातमी होती. प्रोफिराने आंदणाचा गालिचा खांद्यावर टाकला आणि स्टेशन गाठले, पण परवान्याशिवाय गाडीत चढू देत नव्हते. ती गालिच्यासकट परत आली. "आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना," तुदोसियाकाकू म्हणाली, "आणि दोघांची तसबीर मात्र भिंतीवर लावा."

त्याच स्टेशनवर प्रोफिराने आमचा गहू पाहिला. पोत्यांच्या राशी उघड्यावर पडल्या होत्या, न्यायला डबे नव्हते. वर बर्फ साचले होते आणि खालच्या पोत्यांना हिरवे कोंब फुटले होते. बाजूला बंदूकवाला शिपाई उभा होता. मला राग येतो मित्रांनो. दगडाला राग येत नाही, असे म्हणणाऱ्याने तो गहू एकदा पाहायला हवा होता.

बर्फ वितळायच्या सुमारास कातिंकाच्या पायांना सूज चढली. चेहरा फुगला, तेव्हा परकी माणसे म्हणत, पोर कशी गुबगुबीत आहे. ती दिवसभर माझ्याशेजारी बसून असे आणि माझ्या तोंडाशी बोट फिरवून चाटे. तिथे काही नव्हते. एका सकाळी ती उठली नाही. दवाखान्याच्या माणसाने कारण लिहिले, हृदय दुर्बळ. भूक हा शब्द लिहायला त्यांना बंदी होती. तुदोसियाकाकू त्याला म्हणाली, "लिहा, लिहा. दुर्बळ हृदय होतंच. फक्त तिचं नव्हतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरकारचा कळवळा आला. वरातीमागून घोडे. माणशी धान्य मिळणार होते, मदत म्हणून नव्हे, उसने. पीक आले की वाढीसकट फेडायचे. ते धान्य दुसरे कुठले नव्हते, स्टेशनवरचे आमचेच होते, कुबट वासाचे, बुरसटलेले. पांतेलेई स्वतः प्रोफिराच्या दारी घेऊन आला.

"दोघींचं आहे, वहिनी. यादीतून तिचं नाव मी काढलेलं नाही. तसंच राहू दे."

प्रोफिरा त्या दोन पिशव्यांकडे पाहत राहिली. मला वाटले, आता ती त्याच्या अंगावर फेकणार. तिने दोन्ही उचलून आत ठेवल्या.

"तिचा वाटा आहे," ती म्हणाली. "तिला पोचवते."

कातिंकाच्या पिशवीतले सगळे तिने माझ्यात घातले. गालिचा कोणी धोपटला नाही, त्याची गरजही नव्हती. माझी घरघर साऱ्या गल्लीला ऐकू गेली. मी फुटलेले, पीठ जाडेभरडे पडले. तिने कोलाक केले, या वेळी चांगले मोठे, आणि गल्लीतल्या मुलांना बोलावून हातात दिले. मुले खाऊ लागली तेव्हा बोलायचे विसरली. तुदोसियाकाकूने त्यांना दरडावले, "आधी म्हणा रे, देव तिला क्षमा करो."

"नको काकू," प्रोफिरा म्हणाली. "तिनं काय केलंय क्षमा करायला? खाऊ द्या त्यांना."

पांतेलेई फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. धर्मबापाने खाल्ले नाही, तर लेकराला पोहोचत नाही, असे आमच्याकडे म्हणतात. प्रोफिराला ते ठाऊक होते. शेवटचा पाव घेऊन ती फाटकापर्यंत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. मग तिने तो पाव तिथल्या एका मुलाच्या हातावर ठेवला.

"तुमचा वाटा तुम्ही आधीच नेलात, भावजी."

पुढच्या उन्हाळ्यात पाऊस पडला, गहू आला. खळ्यावरच वसुलीवाले आले. प्रोफिराच्या नावावर दोन माणसांचे उसने होते, वाढ धरून दोन माणसांचे मागितले. तिने वाद घातला नाही. मापे भरून दिली. माप घेणारा नवा होता, त्याने सहज विचारले, "दुसरं माणूस कुठाय, बाई?"

"ते जेवून गेलं," प्रोफिरा म्हणाली. "तुम्ही घ्या मोजून."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते, आम्हाला सांभाळा, अडगळीत टाकू नका. मला काही नको. मला टाकले तरी चालेल. पण तुमच्यातला कोणी उद्या मोठा साहेब होईल, आणि अमुक गावात किती पिकले हे लिहायला बसेल. तेव्हा बांधावरून परत फिरू नका. एखाद्या घरात जा, चुलीवरच्या भांड्याचे झाकण उचला, आणि आत जे दिसेल तेवढेच लिहा.